कोंबडीचा धंदा आणि औषधाला न जुमानणारे जंतू

आम्ही कापडाचे व्यापारी. कोंबडीच्या धंद्याशी आमचा संबंध गिऱ्हाईक म्हणून. पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या बाजारांत चिकन सेंटर चालवणारे, तेथे सुरी धरणारे आणि लग्नकार्यात बिर्याणीची देग चढवणारे पुष्कळजण आपलेच भाईबंद आहेत. म्हणून हा विषय या पानावर मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका कारागिराला ताप व जुलाब सुरू झाले. औषधाच्या दुकानातून त्याने चार गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या आणि बरे वाटताच सोडून दिल्या. महिन्याने दुखणे उलटले. या वेळी गोळ्या लागू पडेनात. डॉक्टरांनी शौचाची तपासणी करवली. साल्मोनेला नावाचा जंतू निघाला आणि नेहमीच्या औषधांपैकी मोजकीच त्याच्यावर चालत होती. पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. जंतू नेमका कुठून आला ते सांगता येत नाही. पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘घरात कच्ची कोंबडी कोण साफ करतो?’

जंतू निगरगट्ट कसा होतो?

कापडाच्या उदाहरणाने सांगतो. रंगीत कापडाचे दहा तुकडे धुवा. कच्चा रंग निघून जाईल, पक्का टिकेल. अँटिबायोटिक औषधाचे तसेच आहे. पोल्ट्रीत एका शेडमध्ये हजारो पक्षी असतात. काही ठिकाणी औषध फक्त आजारी पक्ष्याला देत नाहीत. रोग येऊ नये, वजन लवकर भरावे म्हणून सर्वांच्या दाण्यापाण्यात थोडेथोडे मिसळतात. अशाने कमजोर जंतू मरतात आणि पक्के उरतात व वाढतात. शिवाय एका मागावरचे डिझाइन दुसऱ्या मागावर उतरवावे तशी ही ताकद एक जंतू दुसऱ्याला देतो.

ही दूरदेशीची गोष्ट नाही. परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी मुंबई व आसपासच्या पोल्ट्री आणि कोंबडी कापण्याच्या ठिकाणांहून साल्मोनेला जंतू मिळवून तपासले. औषधांना दाद न देणाऱ्या त्या जंतूंचा अहवाल 2018 साली प्रसिद्ध झाला.

कायदा काय म्हणतो?

कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. त्यालाही न जुमानण्याची ताकद जंतूंमध्ये पसरते आहे, हे 2015 साली चीनमध्ये उघड झाले. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या व इतर खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. मार्च 2025 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटावरही अशीच बंदी आली. 2012 च्या नियमाप्रमाणे जनावराच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध बंद केल्यावर किती दिवसांनी मांस विकावे, ते लिहावे लागते. अशी मुदत ठरलेली नसेल तर कोंबडीच्या मांसासाठी किमान 28 दिवस धरायचे. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विकली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे नियमाचे वजन कळते.

धोका देगीच्या आधी

औषधाचा मांसात राहिलेला अंश वेगळा आणि जिवंत जंतू वेगळा. अंश शिजवून सगळा जाईलच असे नाही. जंतू मात्र कितीही निगरगट्ट असला तरी आगीपुढे टिकत नाही. मांस आतपर्यंत 70 अंशांवर तापले की मरतो. फ्रिजरमध्ये तो मरत नाही, नुसता थांबतो. म्हणजे खरा धोका शिजण्याआधीचा आहे. हे जंतू कोंबडीच्या आतड्यात असतात. पोट साफ करताना ते मांसाला, ठोकळ्याला, सुरीला आणि हाताला लागतात. त्याच हाताने पैसे घेतले, त्याच सुरीने घरी काकडी कापली, की जंतू ताटात आला.

हलाल जबिहा ही पहिली अट, यात वाद नाही. पण कोंबडी हलाल झाली म्हणजे ठोकळा पाक झाला असे नव्हे.

आपल्या हातात काय?

दुकानदारांनी आतडी काढण्याची जागा आणि मांस तोडण्याची जागा वेगळी ठेवावी. भेगा पडलेला ठोकळा बदलावा. सुरी व ठोकळा दिवसातून अनेकदा साबणाने घासून उकळत्या पाण्याने धुवावा. कापणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा असावा. कारागिराला साबण आणि वाहते पाणी देणे ही मालकाची जबाबदारी आहे, कारण जंतूची पहिली गाठ त्याच्याशीच पडते. माल देणाऱ्याला विचारावे, ‘शेवटचे औषध कधी दिले?’ दहा दुकानदार विचारू लागले तर पोल्ट्रीवाल्याला उत्तर द्यावेच लागेल.

घरी कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धरू नये, शिंतोडे दूरवर उडतात. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये. दिले तर सांगितले तितके दिवस पुरे घ्यावे.

कापड आटले तर गिऱ्हाईक परत घेऊन येतो, आम्ही बदलून देतो. आजारी पडलेला गिऱ्हाईक मात्र काही न बोलता दुसऱ्या दुकानात जातो. जंतू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून येथे इमानदारी अधिक लागते.