झाडावरचं दगडफूल दिवसातून किती तास जगतं?

गोड्या मसाल्याच्या यादीत दगडफूल असतंच. नावामुळे बहुतेकांना वाटतं की ते दगडावर उगवतं. दगडावर वाढणाऱ्या जाती आहेतही, पण बाजारात येणारा बराचसा माल हिमालयातल्या आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेला असतो. घरातली पुडी उघडून बघा, खालच्या काळ्या बाजूला सालीच्या कपच्या चिकटलेल्या सापडतील. आजची पोस्ट या झाडावरच्या दगडफुलाबद्दल आहे, म्हणजे प्रामुख्याने पार्मोट्रेमा या प्रजातीबद्दल. पुस्तकी मराठीत याला शैवाक म्हणतात, आपण सोयीसाठी लायकेन म्हणू.

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेटच्या किंवा पीएचडी प्रवेशाच्या तयारीत आहेत. ‘लायकेनला वाढायला काय लागतं?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: दमट हवा, स्वच्छ वातावरण, पुरेसा उजेड. परीक्षेत याला गुण मिळतील. पण या उत्तरावर संशोधनाचा आराखडा उभा करायला गेलात तर पहिल्याच पावसाळ्यात अडचण येईल. या तिन्ही गोष्टी कधी एकत्र येतात, हे त्यात नाहीच. आणि लायकेनचं सगळं गणित त्या ‘कधी’वर चालतं.

आधी थोडी उजळणी. लायकेन म्हणजे एक बुरशी आणि तिच्या आत राहणारं शैवल, किंवा सायनोबॅक्टेरिया, किंवा दोन्ही. हे दुहेरी स्वरूप स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडलं तेव्हा त्या काळच्या नावाजलेल्या लायकेन-तज्ज्ञांनी ते धुडकावलं होतं. पार्मोट्रेमात ट्रेबोक्सिया नावाचं हिरवं शैवल असतं. ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार झालेलं कार्बन रिबिटॉल या शर्करा-अल्कोहोलच्या रूपात बुरशीकडे जातं. शरीराचा, म्हणजे थॅलसचा, बहुतेक भाग बुरशीचा. शैवलाचा एक पातळ थर वरच्या सालीखाली असतो. म्हणजे कमावणारा एक आणि खाणारं घर मोठं! २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिले आणि सहकाऱ्यांनी अनेक लायकेनच्या वरच्या थरात आणखी एक यीस्टसारखी बुरशी असल्याचं दाखवलं, त्यामुळे ‘दोघांचा संसार’ ही व्याख्याही आता जशीच्या तशी लिहू नका.

झाडाकडून लायकेन काय घेतं? अन्न घेत नाही. ते बांडगूळ नाही. खालच्या बाजूचे रायझिन्स हे फक्त धरून ठेवण्यासाठी असतात, मुळांसारखं पाणी ओढत नाहीत. ‘लायकेनने झाड मारलं’ अशी तक्रार बागाईतदार करतात, पण फांदी आधीच वठत चाललेली असते, पानं गळून तिच्यावर उजेड पडतो आणि मग लायकेन फोफावतं. क्रम उलटा लावला जातो, एवढंच.

साल मात्र फार महत्त्वाची. तिचा सामू किती, ती पाणी किती वेळ धरते, खडबडीत आहे की गुळगुळीत, आणि ती टिकते का. पेरू, अर्जुन, निलगिरी यांची साल सोलून पडते. वर्षाला काही मिलिमीटरच वाढणाऱ्या जीवाला असं घर परवडत नाही, पाडा पडला की भाडेकरूही खाली. आंब्याच्या जुन्या खोडावर मात्र वर्षानुवर्षांच्या वसाहती दिसतात.

आता मुख्य मुद्दा, पाणी. लायकेनला मुळं नाहीत, पर्णरंध्रं नाहीत, पानावर असतो तसा पाणी रोखणारा मेणाचा थरही नाही. हवा सुकली की ते सुकतं, ओली झाली की ओलं होतं. याला पोइकिलोहायड्रिक असणं म्हणतात. कडक सुकलेल्या थॅलसमध्ये पाणी सुक्या वजनाच्या १०-१५ टक्के इतकं खाली येऊ शकतं. त्या अवस्थेत प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसनही जवळजवळ बंद. ते मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. पाणी मिळालं की काही मिनिटांत श्वसन सुरू होतं आणि पाठोपाठ प्रकाशसंश्लेषण. झाडावरच्या राखाडी लायकेनवर पाण्याचा फवारा मारला तर वरचा थर पारदर्शक होऊन ते डोळ्यांदेखत हिरवट होतं. एम.एस्सी.च्या मुलांना हे जरूर दाखवावं, दहा स्लाइड्सचं काम एका फवाऱ्यात होतं.

म्हणजे लायकेनच्या दिवसाचे तीन प्रकारचे तास असतात. कोरडे तास: ना जमा, ना खर्च. उजेडातले ओले तास: जमा. अंधारातले ओले तास: निव्वळ खर्च, कारण श्वसन चालू आणि कमाई बंद. वाढ म्हणजे जमेतून खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. किती पाऊस पडला याला या वहीत थेट रकाना नाही. पाऊस रात्री पडला की दिवसा, आणि नंतर थॅलस किती वेळ ओलं राहिलं, हे पाहावं लागतं.

याचा सुंदर पुरावा वाळवंटातून आला. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात खडकांवरच्या रॅमॅलिना मॅसिफॉर्मिसचा अभ्यास केला. तिथे पाऊस नगण्य, पण रात्री दव पडतं. पहाटे लायकेन ओलं असतं, सूर्य उगवतो, थोडा वेळ कमाई होते, ऊन चढलं की सुकून दिवसभर गप्प. रोजच्या या तुटपुंज्या वेळावर ते जगतं. याच लांगेंनी पुढे १९८६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की हिरव्या शैवलाची लायकेन नुसत्या दमट हवेतून बाष्प घेऊन प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात, पण सायनोबॅक्टेरियावाल्यांना द्रवरूप पाणीच लागतं. धुकं किंवा दमट पहाट पार्मोट्रेमाला पुरते, शेजारच्या लेप्टोजियमला पुरत नाही. तेव्हा ‘लायकेनला दमटपणा लागतो’ हे वाक्य लिहिण्याआधी कुठल्या लायकेनला, हे विचारावं.

आणि पाणी जास्त झालं तर? थॅलस पूर्ण भिजलं की आतल्या पोकळ्या पाण्याने भरतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हवेपेक्षा कितीतरी हळू सरकतो, त्यामुळे बऱ्याच जातींत कमाई घटते. धो-धो पावसात लायकेन खूष असतं हा समज इथे मोडतो. त्यात उष्णतेची भर घाला. रात्रीचं तापमान १० अंशांनी वाढलं तर श्वसन साधारण दुप्पट होतं. लांगे, ब्यूडेल, झोट्झ यांनी पनामाच्या जंगलांत केलेल्या मोजणीत दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा ओल्या रात्री खाऊन टाकतात असं दिसलं. उष्ण कटिबंधात सखल भागात पानासारखी मोठी लायकेन कमी आणि सालीला लिंपलेली क्रस्टोज लायकेन जास्त, तर डोंगरावर चढलं की पानासारखी वाढत जातात, याचं एक पटणारं स्पष्टीकरण इथे मिळतं.

हाच हिशेब आता महाबळेश्वरला लावू. उंची सुमारे १,३७० मीटर, वर्षाचा पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तिथल्या जांभूळ-अंजनीच्या जंगलात खोडा-फांद्यांवर लायकेन भरपूर. पावसाची आकडेवारी समोर ठेवली की वाटतं, वाढ जुलै-ऑगस्टमध्येच होत असणार. पण तेव्हा थॅलस चोवीस तास चिंब, आकाश ढगांनी भरलेलं, रात्रभर श्वसन चालू. उलट पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, रात्र थंड, पहाटे दव किंवा धुकं, मग लख्ख ऊन, दुपारपर्यंत कोरडं. जमेच्या तासांना ही वेळ जास्त सोयीची वाटते. मग सह्याद्रीतलं दगडफूल पावसाळ्यात वाढतं की पावसाळ्यानंतर? माझ्या मते हा पीएचडीचा नाही तरी एम.एस्सी. प्रबंधाचा उत्तम प्रश्न आहे. त्यासाठी महागडं यंत्रही लागत नाही.

लागतं ते हे. थॅलसवर दोन छोटे इलेक्ट्रोड लावून विद्युतरोध नोंदवला की ते ओलं आहे की कोरडं, हे दर दहा मिनिटांनी कळतं. सोबत प्रकाश आणि तापमानाचे लॉगर. हवामान केंद्राची सरासरी आर्द्रता इथे चालत नाही, कारण खोडाची पश्चिम बाजू आणि पूर्व बाजू ही लायकेनसाठी दोन वेगळी गावं असतात. म्हणून प्रत्येक नोंदीत झाडाची जात, खोडाचा घेर, जमिनीपासूनची उंची आणि दिशा लिहायची. वाढ मोजायला ठरावीक जागेवरून मोजपट्टीसह फोटो, किंवा वजन. वजनात एक मेख आहे. कोरडं लायकेनही हवेतल्या दमटपणाप्रमाणे हलकं-जड होतं, आणि जिवंत तुकडा ओव्हनमध्ये सुकवता येत नाही. म्हणून काही तुकडे ‘संदर्भ’ म्हणून वेगळे ठेवतात, प्रयोगाच्या तुकड्यांबरोबर त्याच वेळी तोलतात, मग संदर्भाचे तुकडे ओव्हनमध्ये सुकवून दुरुस्तीचं गुणोत्तर काढतात. वर्षाची वाढ इतकी थोडी असते की ही दुरुस्ती टाळली तर आकडे हवेचे, लायकेनचे नव्हेत. जंगलातून नमुना घेण्याआधी वन विभागाची परवानगी घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

प्रदूषणाचा विषय निवडणाऱ्यांसाठीही हे लागू पडतं. १८६६ मध्ये विल्यम निलांडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनवरून हवेची शुद्धता जोखता येते असं सुचवलं. पुढे शहरांच्या मध्यभागी लायकेन का नसतात यावर बराच काळ वाद चालला: हवा विषारी म्हणून की शहर कोरडं म्हणून? १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज यांनी इंग्लंड-वेल्ससाठी झाडांवरच्या लायकेनची सल्फर डायऑक्साइडशी जोडलेली मोजपट्टी दिली, आणि तो वायू घटल्यावर लंडनमध्ये लायकेन परतू लागली, तेव्हा पारडं प्रदूषणाच्या बाजूला झुकलं. पण ती मोजपट्टी पुण्याच्या रस्त्यांवर जशीच्या तशी लावू नका. जाती वेगळ्या, साली वेगळ्या, वर आठ महिन्यांचा कोरडा काळ. ‘इथे लायकेन नाही’ या निरीक्षणामागे धूरही असू शकतो, ओले तास कमी असणंही असू शकतं, आणि रस्ता रुंद केल्यावर लावलेली झाडंच पंधरा वर्षांची असणंही.

जातींची ओळख कशी सुरू करायची, असं बरेच जण विचारतात. मसाल्याची पुडी हेच पहिलं हर्बेरियम समजा, तिच्यात बहुधा दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. दहापट भिंग घ्या. वरच्या पृष्ठभागावर बारीक काड्यांसारखे उंचवटे (इसिडिया) आणि कडेला केस नाहीत, तर पार्मोट्रेमा टिंक्टोरम असण्याची शक्यता मोठी. वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर ब्लीचचा थेंब टाका, लेकॅनोरिक आम्लामुळे तो लाल होतो. कडेला पिठासारखी सोरेडिया आणि काळे केस असतील, ब्लीचने रंग येत नसेल पण पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पिवळा येत असेल, तर पार्मोट्रेमा पर्लेटम. अरुंद, पन्हळीसारख्या पट्ट्या दिसल्या तर हायपोट्रॅकिना सिर्रेटा. मग खात्रीसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला संग्रह आहे. पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी तिथे लायकेनवर दीर्घकाळ काम केलं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतला संग्रहही मोठा आहे.

ही पुडी शेतातून येत नाही. लायकेनची शेती करून बाजाराला पुरवठा करणं अजून कुणाला जमलेलं नाही. इसिडियाचा तुकडा सालीवर चिकटून तळहाताएवढा व्हायला कित्येक वर्षं जातात आणि खरवडायला एक मिनिट. तोड किती वर्षांच्या अंतराने करावी, एका खोडावर किती ठेवावं, हे ठरवायचं तर त्या त्या डोंगरावर वर्षभरातल्या जमेच्या तासांचा आकडा हातात हवा. पावसाच्या आकड्यावरून तो काढता येत नाही, खोडाजवळ जाऊनच मोजावा लागतो.