मनाच्या मरगळीसाठी घरचा संच



ताथवडे हे गाव पशुपालकांना तेथील वळू माता प्रक्षेत्रामुळे परिचित आहे. २००९ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा पट्ट्यात जमीन विकून पैसा आला, तरी पहाटेची धार, पिकाचे पाणी, बाजाराची घाई हा दिवसाचा क्रम मोडतो आणि माणूस एकटा पडतो. कर्ज, नापिकी, वाटणीचे वाद यांचा ताण तर सर्वत्रच आहे. कधी काहीही कारण नसताना देखील नैराश्य येते.

गाय चारा खाईनाशी झाली की आपण त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलावतो. घरचा माणूस जेवेनासा झाला तर मात्र ‘आळसावला आहे’ म्हणून सोडून देतो. हे योग्य नाही.

आजार कसा ओळखावा?

सतत उदासपणा, कशातही गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, चिडचिड, स्वतःला दोष देणे ही लक्षणे दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. दारूने हा आजार वाढतो.

संच आधीच का करावा?

या आजारात विचार करण्याची व निर्णय घेण्याची ताकदच कमी होते. पाऊस सुरू झाल्यावर छप्पर शाकारता येत नाही. म्हणून मन ठीक असतानाच एका पत्र्याच्या डब्यात पुढील गोष्टी ठेवाव्यात.

१) खुणांचा कागद : आपले मन बिघडू लागले की आधी काय होते, ते लिहावे. घरच्यांनाही विचारावे, त्यांना ते लवकर दिसते.

२) तीन लहान कामे : जनावरांना पाणी पाजणे, मेथीच्या वाफ्याची खुरपणी, डेअरीला स्वतः दूध घालणे यांसारखी कामे वेळेसह लिहावीत. इच्छा होण्याची वाट पाहू नये. आधी काम करावे, उत्साह मागाहून येतो.

३) तीन माणसांची नावे : त्यांना आजच सांगून ठेवावे, ‘मी दोन दिवस दिसलो नाही, तर घरी या.’

४) देण्याघेण्याचा कागद : कर्जाची खरी रक्कम व हप्त्याची तारीख लिहावी. रात्री अंथरुणात आकडेमोड करू नये. दिवसा कोणाला तरी सोबत घेऊन बँकेत बोलावे.

५) डॉक्टरांची चिठ्ठी : नैराश्याच्या औषधांचा गुण दिसण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

६) दूरध्वनी क्रमांक : १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे रात्रंदिवस मोफत आणि मराठीतून बोलता येते.

फवारणीची औषधे कुलपात

कीटकनाशके व तणनाशके घरात ठेवू नयेत. ती कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा वावटळीसारखी येते आणि ओसरते. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले, तर जीव वाचतो. कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ म्हणू लागल्यास त्यास स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्यास एकटे सोडू नये व लगेच रुग्णालयात न्यावे.

मदत घेतल्याने फरक पडतो

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर बोलले. पूर्वी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ४ जण उपचारापर्यंत पोचत. दीड वर्षात हे प्रमाण २७ वर गेले.

घरचा संच हा उपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे. ताथवडे परिसरातील बांधवांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ आहे. इतरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. पेरणीपूर्वी आपण बियाणे तपासतो. तसा हा डबाही दर हंगामाच्या सुरुवातीस उघडून पाहावा.