भाकरीतलं लोह

'धनशक्ती' हे बाजरीचं वाण महाराष्ट्रात प्रसारित झालं. पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' या पीक-संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते 'आयसीटीपी ८२०३' या जुन्या, लोकप्रिय वाणातून निवडलं. त्या जुन्या वाणाचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या बियाण्यात आहे. धनशक्तीत किलोमागे लोह सुमारे ७१ मिलिग्रॅम. राज्यातल्या शाळकरी मुलांना लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव सहा महिने देऊन पाहिली, तेव्हा लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये ती भरून निघण्याचं प्रमाण साध्या बाजरीच्या गटापेक्षा जास्त आढळलं. धनशक्ती हे संकरित वाण नाही, त्यामुळे घरचं बियाणं पुढच्या पेरणीला चालतं. कोरडवाहू शेतकऱ्याला हे लोहापेक्षाही आधी पटावं! २०१८पासून देशात नव्या बाजरी वाणासाठी लोहाची किमान मात्राच ठरवलेली आहे: किलोला ४२ मिलिग्रॅम.