संदर्भ हवा!

वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आहे. वर्गात माझ्या शब्दाला सहसा कोणी आडवे येत नाही. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपणही काही लिहावे, असे परवा मनात आले. आमच्या गावच्या बारवेवर लेख लिहिला : ‘ही अप्रतिम बारव अहिल्याबाई होळकरांनी बांधली.’ त्याच बारवेच्या पायरीवर बसून आजोबांनी मला हे सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो ‘अप्रतिम’ गायब, आणि वाक्याच्या शेवटी कंसात दोन शब्द : ‘संदर्भ हवा’!

मी संतापलो. चर्चापानावर माझी पदवी आणि अनुभव ऐकवला. उत्तर आले, ‘सर, येथे लिहिणाऱ्याची पदवी नव्हे, प्रसिद्ध झालेला विश्वसनीय आधार पाहतात.’

राग ओसरल्यावर पटले. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांमागे संपादकमंडळ उभे होते. येथे कोणीही लिहू शकतो. म्हणून प्रत्येक विधानाला साक्षीदार लागतो.

तीन रविवार ग्रंथालयात घालवले. जुन्या गॅझेटियरात बारव सापडली. अहिल्याबाई सापडल्या नाहीत. अखेर ते वाक्य मीच काढले. हात जड झाला खरा. पण आजोबांची गोष्ट काही खोटी ठरली नाही. ती ज्ञानकोशाची नव्हे, आमच्या घरची ठरली, एवढेच.

रात्री ती मुलीला सांगितली. ती म्हणाली, ‘‘बाबा, कशावरून?’’

या वेळी मात्र मी रागावलो नाही.