दुपारची शतपावली: बैठ्या नोकरीबद्दलचे सहा गैरसमज

पावणेदहाला मशीनवर बोट टेकवलं की हजेरी लागते आणि खुर्ची पुढं ओढली जाते. अकराला चहा टेबलावर येतो. फाईल शिपाई आणून देतो. जिथं ई-ऑफिस आलं तिथं तीही पडद्यावरच सरकते. दुपारी त्याच टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबा उघडतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, थोडी भाजी. डबा मिटला की पुन्हा माऊस हातात. सव्वासहाला उठताना एक हात टेबलावर आणि एक कमरेवर.

सोलापुरात कुठल्याही कचेरीत, बँकेत किंवा पतसंस्थेत हा दिवस दिसतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शनिवार मोकळा झाला, पण रोजचं काम पाऊण तासानं वाढलं, आणि त्याबरोबर खुर्चीतला वेळही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांत ज्यांचे आजोबा पाळीभर मागांच्या रांगेतून फिरत धागे सांधायचे, त्यांची नातवंडं आज आठ-आठ तास बसून काढतात. या बसण्याभोवती काही समजुती घट्ट झाल्या आहेत. त्या एकेक करून सोडवू.

गैरसमज १: "रोज सकाळी होम मैदानावर फिरतो. मग दिवसभर बसलं तरी चालतं."

वस्तुस्थिती: सकाळचं फिरणं मोलाचं आहे, ते कधीच वाया जात नाही. पण अर्ध्या तासाच्या फेऱ्यांनी आठ तासांचं बसणं पूर्ण फिटत नाही. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा वाढीव धोका दिसेनासा झाला तो रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये. एवढा वेळ किती जणांना मिळतो? उरलेली कसर कामाच्या तासांतच भरून काढावी लागते.

आषाढीला पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. वारीत मिळतं ते मनाला वर्षभर पुरतं, शरीराला नाही. चालण्यामुळं इन्सुलिनचं काम सुधारतं, पण तो परिणाम साधारण एक-दोन दिवसच टिकतो. शरीरात चालण्याची मुदत ठेव ठेवता येत नाही. रोजचा भरणा रोजच करावा लागतो.

गैरसमज २: "माझं वजन ताब्यात आहे. मला काय होणार?"

वस्तुस्थिती: आपल्या लोकांच्या बाबतीत वजनकाटा पुरता विश्वासाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे होते, हाही फरक होताच. पण अंगानं सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या दोन आकड्यांनी जगाला दाखवलं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यात बारीक माणसंही आहेत.

गैरसमज ३: "दहा हजार पावलं झाली तरच उपयोग. दोन मिनिटांनी काय होतंय?"

वस्तुस्थिती: दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. जाहिरातीतला आकडा पुढं आरोग्याचा नियम होऊन बसला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढं आणखी फायदा दिसला नाही.

आता त्या दोन मिनिटांकडं वळू. जेवणानंतर रक्तातली साखर चढते. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हलले की ते ही साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाटही बघावी लागत नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात जादा वजनाच्या लोकांवर एक प्रयोग झाला. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं हळू चाललं, तरी खाण्यानंतरची साखरवाढ सलग बसण्याच्या तुलनेत जवळजवळ पाव हिश्शानं कमी झाली. आपल्या घरात याला जुनं नाव आहे: शतपावली. शंभर पावलं म्हणजे मिनिट-दीड मिनिट. ती आपण फक्त रात्रीच्या जेवणाला बांधून टाकली. तिची खरी गरज दुपारच्या डब्यानंतर आहे.

गैरसमज ४: "सोलापूरच्या उन्हात चालायचं कुठं?"

वस्तुस्थिती: एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा दुपारी बाहेर पडूच नये. पण हालचालीला मैदान लागत नाही. कार्यालयाचा व्हरांडा, जिना, दोन टेबलांमधली वाट पुरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली, आणि ती सलग किमान दहा मिनिटांची असावी ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे एक मजला चढलात तरी तो हिशोबात धरला जातो. फोन उभं राहून घेणं, पाण्याची बाटली भरायला स्वतः जाणं, पलीकडच्या विभागाला फोन करण्याऐवजी चालत जाऊन विचारणं, सगळं जमा होतं.

गैरसमज ५: "उभं राहून काम केलं की प्रश्न मिटला."

वस्तुस्थिती: चादरीच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेत्याला किंवा चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारा. सतत उभं राहिल्यानं पायांवर सूज येते, शिरा फुगतात, कंबर भरून येते. पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैल होतात तेव्हा पायातलं रक्त वर हृदयाकडं ढकललं जातं. नुसतं बसलं किंवा नुसतं उभं राहिलं तर हा पंप थंड पडतो. म्हणून अर्ध्या-पाऊण तासानं अंगस्थिती बदला. बसला असाल तर उठून चाला, उभे असाल तर चालून जरा बसा. ज्यांना हृदयविकार, गुडघेदुखी किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे, त्यांनी किती चालायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

गैरसमज ६: "हा ज्याच्या त्याच्या इच्छाशक्तीचा प्रश्न आहे."

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. त्या कंडक्टरांनी काही संकल्प केला नव्हता. तिकिटं फाडायला वर जावं लागे, म्हणून ते जात. हालचाल त्यांच्या कामातच होती. आपल्या गिरणीतल्या कामगाराचंही तेच होतं.

म्हणून कचेरीत माणसाला उपदेश करण्याआधी जागेची मांडणी बदलावी. प्रिंटर आणि पाण्याचा जार टेबलांपासून लांब ठेवावा. चहा टेबलावर मागवण्याऐवजी सगळ्यांनी उठून घ्यावा. डबा स्वतःच्या टेबलावर न उघडता एकत्र खावा. छोट्या बैठका उभ्यानं किंवा चालत घ्याव्यात. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानं कामाच्या जागेसाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक', म्हणजे योगासाठीची छोटी सुट्टी, तयार केला आहे, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कार्यालयांना त्याचा प्रसार करायला सांगितलं गेलं. तेव्हा पाच मिनिटं उठणं म्हणजे कामचुकारपणा, ही भीती मनातून काढावी.

ही भीती खरी आहे, हे मला ठाऊक आहे. खिडकीपुढं रांग असते. "मॅडम जागेवर नाहीत" हे वाक्य कुणाला ऐकायचं नसतं. म्हणूनच सुरुवात साहेबांनी करायला हवी. दोघांनी आळीपाळीनं खिडकी सांभाळली तर रांगही थांबत नाही आणि पायही आखडत नाहीत. साहेब डबा मिटून व्हरांड्यात चालू लागले की बाकीच्यांना परवानगी मागावी लागत नाही.

उद्या दुपारी डबा धुऊन झाला की लगेच खुर्चीकडं वळू नका. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला एवढंच म्हणा: "चला की, शंभर पावलं."