औषधही, अंगाराही: मानसोपचारात श्रद्धेचे स्थान

घरातले कुणी एकाएकी असंबद्ध बोलू लागले, रात्र रात्र जागू लागले, की अनेक घरांत आधी भगत, देवरुषी किंवा दर्गा गाठला जातो. डॉक्टरची पाळी बरीच नंतर येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होता आणि बहुतेक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. ही दरी भरायची, तर श्रद्धेला हिणवून चालणार नाही आणि रुग्णाला तिच्या भरवशावर सोडूनही चालणार नाही.

श्रद्धेने काय मिळते?

भजनी मंडळ, वारी, नमाज किंवा चर्चमधली प्रार्थना यांतून माणसांची सोबत मिळते, दिवसाला वेळापत्रक येते आणि दुःखाला काही अर्थ लावता येतो. एकटेपणा आणि निराशा हे नैराश्याचे जुने सोबती; त्यांच्यावर हा उतारा चालतो. तमिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तिथल्या मुक्कामात औषधांविना त्यांची लक्षणे सरासरी २० टक्क्यांच्या आसपास कमी झाली होती. मात्र अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे सुरक्षित, मायेचे वातावरण उपयोगी पडते, इतकेच त्यावरून म्हणता येते.

श्रद्धा जाचक कधी होते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी धार्मिक आधाराचे दोन प्रकार मांडले. संकटात ‘देव पाठीशी आहे’ असे वाटणाऱ्याला बळ मिळते. ‘देव मला शिक्षा करतो आहे’ असे मानणारा अधिक खचतो. आजाराला मागल्या जन्मीचे पाप किंवा करणी म्हटले, की रुग्णावर अपराधाचे ओझे येते आणि घरचे शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेऊ लागतात. तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओसीडी या आजारात तर सोवळे-ओवळे आणि प्रार्थनेतल्या ‘चुका’ हाच आजाराचा विषय होऊ शकतो.

अंगात येणे म्हणजे आजार का?

प्रत्येक वेळी नाही. जत्रेत, आरतीच्या वेळी अंगात येते, थोड्या वेळाने उतरते, समाजाला ते ओळखीचे असते आणि ती व्यक्ती दुसऱ्या दिवशी कामाला लागते. पण हे कधीही होऊ लागले, त्रास देऊ लागले, झोप आणि कामधंदा बिघडला, तर तपासणी हवी. समाजात प्रचलित असलेल्या धार्मिक श्रद्धा एखादा मानत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो.

एरवाडीचा धडा

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जण दगावले. आता २०१७ च्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्येच, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे किंवा मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. साध्या पूजाअर्चेला हा कायदा हात लावत नाही.

दवा आणि दुवा

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्ग्यात वेगळी वाट निघाली. तिथल्या मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, मानसिक आजारांची लक्षणे ओळखायला शिकवले गेले आणि दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय झाली. मुजावर दुवा देतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. ज्याच्या शब्दावर कुटुंबाचा विश्वास आहे, त्यानेच गोळी घ्यायला सांगितले, की ती घेतली जाण्याची शक्यता वाढते.

उपास, ध्यान आणि गोळ्या

लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेणाऱ्याने निर्जळी उपास किंवा रोजा धरला, तर शरीरातले पाणी कमी होऊन औषधाची रक्तातली पातळी धोकादायक होऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरला विचारावे. ध्यानाचेही तसेच. सौम्य चिंतेत ते उपयोगी पडते. पण तीव्र मानसिक आजार असलेल्याने दहा दिवसांच्या मौन शिबिराला परस्पर जाऊ नये. विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारली जाते.

डॉक्टरने आणि घरच्यांनी काय करावे?

डॉक्टरने ‘कुठे दाखवले, काय मानता, उपास करता का?’ हे न हसता विचारावे. स्वतःची श्रद्धा किंवा नास्तिकता रुग्णावर लादू नये. घरच्यांनी अंगारा लावायचा तर लावावा, नवस बोलायचा तर बोलावा. पण गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या, रुग्णाला उपाशी ठेवणाऱ्या, मारणाऱ्या किंवा भरमसाट पैसे मागणाऱ्या माणसाच्या दारातून उठून यावे. आत्महत्येची भाषा, अनेक रात्रींची जाग किंवा कानात आवाज येणे अशी लक्षणे दिसली, तर थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतूनही सल्ला मिळतो.