धक्का मारल्यावर नेमकं काय झिजतं?

सकाळी किल्ली फिरवली आणि इंजिनाऐवजी नुसतं कट्‌ कट्‌ ऐकू आलं, की पार्किंगमध्ये दोन पक्ष पडतात. एक बाह्या सरसावतो, "चला, धक्का मारू." दुसरा ओरडतो, "नको, क्लच प्लेट जाईल!" दुसऱ्याची भीती अगदीच निराधार नाही, फक्त ती नको त्या सुट्या भागावर जाऊन बसली आहे.

एरवी सेल्फ फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून इंजिन मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांनी फिरवतो. धक्का मारताना तेच काम गाडीची चाकं करतात, गिअरबॉक्स आणि क्लचमार्फत. यात क्लच प्लेट घासते ती जेमतेम सेकंदभर. चढावरच्या सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारे गृहस्थ रोज याहून जास्त प्लेट जाळतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना हटकत नाही. गिअरच्या दात्यांनाही हे नवं नाही. घाट उतरताना चाकं इंजिनाला असंच ओढत असतात.

गचका मात्र खरा असतो, आणि तो किती बसेल हे गिअर ठरवतो. पहिला गिअर टाकायची अनेकांची सवय चुकीची आहे. ताशी ८-१० किलोमीटरच्या वेगात छोट्या गाडीचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये एकदम हजार-बाराशे फेऱ्यांवर खेचलं जातं, दुसऱ्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून किल्ली ऑन, क्लच पूर्ण दाबलेला, गिअर दुसरा. वेग आला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन धरलं की लगेच पुन्हा दाबायचा.

या गचक्याने दुखावू शकतो तो टायमिंग बेल्ट. बेल्ट चांगला असेल तर त्याला काही होत नाही. पण बदलायची मुदत उलटलेला, सैल बेल्ट एखादा दाता सरकू शकतो, आणि बऱ्याच इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गाडी मागे घरंगळत असताना पुढचा गिअर टाकणंही वाईट, कारण इंजिन उलटं फिरतं. गंमत अशी की मागच्या उतारावर रिव्हर्स गिअर टाकला तर ते सुलटंच फिरतं.

खरं महागात पडतं ते हट्टाने धक्का मारत राहणं. पूर्वी कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी गाडीला गल्लीच्या टोकापर्यंत ढकललं, तरी न जळलेलं पेट्रोल फार तर सायलेन्सरमधून फटाका वाजवून बाहेर पडायचं. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, पुढे तो सगळीकडे आला. आता तेच पेट्रोल कन्व्हर्टरच्या जाळीत जाऊन जळतं, आणि ती जाळी तापून वितळू शकते. दोन-तीनदा प्रयत्न करावा, नाही जमलं तर थांबावं.

"आमचा ट्रॅक्टर वर्षभर बॅटरीशिवाय चालतो," असं गावाकडचा कुणीतरी सांगतोच. चालतोही. जुन्या डिझेल ट्रॅक्टरला ठिणगी लागत नाही, त्याचा डिझेल पंप यांत्रिक असतो. रात्री उतारावर लावला की सकाळचं काम झालं. आजच्या कारला मात्र पेट्रोल पंप, इंजेक्टर, संगणक सगळ्यांना वीज हवी. डॅशबोर्डचा एकही दिवा लागत नसेल तर शेजाऱ्यांचा घाम काढू नये, जंपर केबल मागावी. ऑटोमॅटिक गाडीला तर धक्क्याचा उपयोगच नाही. एएमटी आतून मॅन्युअलच असली, तरी तिचा क्लच पायाने नव्हे, विजेवरच्या यंत्रणेने हलतो.

झिजेच्या चर्चेत माणसं मात्र विसरली जातात. इंजिन बंद असताना ब्रेकला दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढलेली असेल तर ते लॉकही होतं. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढून चालू करणं त्याहून वाईट: इंजिन धरताच मागची गाडी पुढचीच्या डिकीत.

गाडी चालू झाल्यावर पाच मिनिटं जागेवर गुरगुरत ठेवली की बॅटरी भरली, हाही भ्रमच. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवली तर निदान पुढच्या वेळी सेल्फ लागण्याइतकी वीज साठते. तरीही दुसऱ्या सकाळी तेच कट्‌ कट्‌ आलं, तर बॅटरी तपासून घ्यावी, आणि तिच्याबरोबर अल्टरनेटरही.